वायफाय सापडत नाही

३ एप्रिल
सकाळी लॅपटॉप अपडेट झाला आणि वायफायच गेलं. कोपऱ्यातलं चिन्हच गायब. फोनवर तेच वायफाय व्यवस्थित. म्हणजे राउटर ठीक, दुखणं लॅपटॉपचं. मी लावलेली सहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं आज पुण्याला जायची होती. मेधाताईंना फोन केला, प्रकाशनाचं सगळं त्याच बघतात. "अगं, गेल्या महिन्यातही हेच झालं होतं ना?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
पानं पेन ड्राइव्हवर घेऊन शेवटी फोनवरून पाठवली.

४ एप्रिल
दुकानदार हात लावायला तयार नाही. "मॅडम, हे लिनक्स हाय. विंडोज टाकून देऊ का?" दादाचंही कॅनडातून तेच. पण हे बाबांनी बसवून दिलेलं. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सगळी नोकरी झाली त्यांची. अर्ध्या कॉलनीचे कॉम्प्युटर त्यांनीच जोडलेले. म्हणायचे, फुकट आहे म्हणून नाही, बिघडलं तर आपल्याला उघडून बघता येतं म्हणून घ्यायचं. आता चहा झाला की नाही हेही त्यांना मला विचारावं लागतं.
टर्मिनल उघडून कमांड दिली. यादीत वायफायचं कार्डच नाही. फोनच्या डेटावर चालवून पाहिलं. घरात रेंज एक दांडी. मोठी फाइल जातच नाही.

५ एप्रिल
फोरमवर कुणी लिहिलंय, सुरू करताना जुना कर्नल, म्हणजे अपडेटच्या आधीचा गाभा, निवडा. निवडला. चिन्ह आलं! नाचायचीच बाकी होते. मग जरा जरा वेळानं तुटायला लागलं. मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला म्हणे. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.
नळाला आजही पाणी नाही.

७ एप्रिल
बाबा आज बरे होते. आपणहून शेजारी येऊन बसले, स्क्रीनकडं बघत.
म्हटलं, "बाबा, वायफाय सारखं तुटतंय."
चष्मा वर केला. "कार्ड कुठलं आहे?"
किती महिन्यांनी हा आवाज, लॅबमधला. मी कंपनीचं नाव, नंबर, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. विचार केला.
"कार्ड छापून छान आलंय. आपल्याकडून किती जण जाणार लग्नाला?"
सगळेच जाऊ म्हटलं.
रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ कोरडा.

९ एप्रिल
वायफायची वीजबचत बंद केली. तुटणं थांबलं. पण आता जोडलेलं दिसतं आणि एकही साइट उघडत नाही. आकड्यांचा पत्ता दिला तर पलीकडून उत्तर येतं, नाव दिलं की नाही. म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता शोधणारं. फाइलमध्ये पत्ता बदलला, चाललं. लॅपटॉप बंद करून चालू केला की माझं लिहिलेलं पुसलेलं. परत लिहिलं, परत पुसलेलं. दुपार त्यातच गेली. मान वर केली तर बाबांची खुर्ची रिकामी. दार उघडं.

जिना. गल्ली. मेडिकल. रिक्षा स्टँड. लोक विचारतायत काय झालं, मी पुढं पळतेय. मग खालच्या मजल्यावरच्या नसीमआपा समोरून धावत आल्या. "इधरीच हैं, डरो नको."
टँकरच्या रांगेत उभे होते. अनवाणी, हात रिकामे. पुढच्या बाईला सांगत होते, "प्रॅक्टिकलला उशीर होतोय, मला पुढं जाऊ द्या." त्या बाईनं त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला होता.
तळपाय भाजले. आपांनी कोरफड लावली. मी नुसती बसून राहिले. लॅपटॉप तसाच चालू.

१० एप्रिल
दादाला सांगितलं. "तुला एकटीला झेपत नाहीये हे. चितेगावच्या पुढं अशा पेशंटचं एक केंद्र आहे, मी बोललोय त्यांच्याशी. तू एकदा बघून तरी ये." तो वाईट नाही. लांब आहे, एवढंच.
मग मेधाताईंचा फोन. "मी वरच्यांना अजून किती सांगू? पुण्याला ये, ऑफिसात बस. सोमवारपर्यंत कळव."

१२ एप्रिल
बाबांपाशी आपांना बसवून केंद्र बघून आले. खोल्या स्वच्छ. खिडक्यांना जाळ्या. बोअर आटलंय, तिथंही टँकरच. दाराशी एक आजोबा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. कुठं जायचंय विचारलं, तर म्हणाले करमाडला. तिथल्या बाई म्हणाल्या, "ते रोज बसतात. आपण व्हय म्हणायचं."
घरी आले. बाबांनी दार उघडलं. "बसा. मुलगी बाहेर गेलीय, येईलच इतक्यात."
बसले.

१३ एप्रिल
डीएनएसचं सुटलं! पत्ता फाइलमध्ये नाही, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिहायचा होता. बंद-चालू करून पाहिलं, टिकला. बाबांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "वा!" कशाबद्दल ते विचारलं नाही.
संध्याकाळच्या आत सगळंच गेलं. फोनवरचं वायफायही. खाली जाऊन बघितलं तर नव्या पाण्याच्या पाइपसाठी जेसीबीनं रस्ता फोडलाय, त्यात केबल तुटली. खड्ड्यातला माणूस तुटकी टोकं दाखवून म्हणाला, "लई वायरी गेल्यात मॅडम. आज काय नाय होत."
भर रस्त्यात हसू आलं. थांबवता येईना. तो बिचारा घाबरला.

१५ एप्रिल, सोमवार
केबल काल रात्री जोडली. आज सकाळपासून नेट एकदाही गेलं नाही. पानं गेली. मीटिंगमध्ये माझा आवाज, चेहरा, सगळं स्वच्छ. मेधाताई म्हणाल्या, "आज बरं दिसतंय तुझं." मग मीटिंग संपल्यावर मेसेज: काय ठरवलंस?
दादाचाही आलाय, केंद्रात जागा एकच उरलीय म्हणून.
इतके दिवस रेंज नाही, उघडत नाही, तुटलं, असं सांगत होते. खरंच होतं ते. पण आज तसं काही म्हणता येत नाही. दोन्ही मेसेज उघडे आहेत, मी वाचलेत हे त्यांना तिकडं दिसतंय.
बाबा स्वयंपाकघरातून विचारतायत, जेवायला आपण किती जण.