टेकाडावरचा पाला

आबा,

मंगळवारी सकाळी मी पाल्याची अकरा पोती होस्टेलमागच्या टेकाडावर नेली आणि झाडांखाली रिकामी केली. बावीस वर्षं जो पाला झाडून घेतला, तोच हातानं पुन्हा पसरत होतो. गेटवरचा वॉचमन, आपल्याकडचाच, पाली गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, काठी टेकत वर आला आणि बघत उभा राहिला. "साहेब, बरं हाय न्हवं?" म्हणाला. "झाडायचा पगार घेताय का सांडायचा?" मी म्हटलं, "दोन्हीचा." तो हसला. तो माझ्याकडं बघून पुन्हा हसला याचं मला किती बरं वाटलं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथं नुकताच माळी म्हणून लागलो होतो. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडं वळलं की पुढं विद्यापीठाचं हे आवार लागतं. आता बागेचं सगळं काम माझ्याकडं आहे. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठानं ठरवलं की आवार पर्यावरणाला जपणारं करायचं. छपरांवर सौर पॅनेल आली, सांडपाणी गाळून बागेकडं वळवलं, आणि पाला जाळायचा नाही, खड्ड्यात कुजवायचा, असा नियम झाला. समितीच्या प्रमुख एक प्राध्यापक मॅडम आहेत. त्यांनी विचारलं, "जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं."

पहिलं वर्ष जमलंही. यंदा फाल्गुनात पानगळ एवढी झाली की खड्डे काठोकाठ भरले. नवा खड्डा खणायला आठ दिवस, काडी ओढायला क्षण. मी भल्या पहाटे टेकाडावरचा पाला तिथंच पेटवत गेलो. मला आगीत काही वाईट आहे असं वाटतच नव्हतं, आबा. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून तुम्ही राब भाजायचा, आणि भाजलेल्या मातीत रोप कसं तरारून यायचं ते पाहत मी वाढलो. पण तुमचा राब म्हणजे अंगणाएवढा तुकडा. मी नियम होण्याआधी दर वर्षी अख्खं टेकाड भाजलं होतं. तिथली जमीन आता फरशीसारखी झाली आहे, पाऊस पडला की तांबडं पाणी सरळ होस्टेलच्या गटारात उतरतं. आपल्या पासलीच्या देवराईत पाय घोट्यापर्यंत पाल्यात रुततो आणि खालचा झरा वैशाखातही आटत नाही, हे मी पायांनी शिकलो होतो. तरी हे आणि ते कधी शेजारी ठेवून पाहिलं नाही.

एके दिवशी मॅडमना टेकाडावर काळा डाग दिसला. "इथं काय जाळलंत?" मी म्हटलं, "वॉचमन शेकोटी करतो." विचार न करता बोललो, आणि बोललेलं मागं घेतलं नाही.

चार दिवसांनी वॉचमन एक कागद घेऊन आला. "वाचा की साहेब, काय लिवलंय. आमास्नी एवढं बारीक दिसत न्हाई." ऑफिसनं त्याच्याकडून खुलासा मागवला होता, कामावरून का काढू नये म्हणून. तो कागद मलाच त्याला वाचून दाखवावा लागला. त्यानं ऐकून घेतलं. "या उन्हात शेकोटी केली म्हणत्यात मी? येडा म्हणा, म्हातारा म्हणा, पर एवढी थंडी कुणाला वाजती व्हय?" मी हसलो नाही. त्यानंही मग हसू आवरलं आणि कागदाची घडी करत म्हणाला, "दोन वर्सं ऱ्हायलीत माजी. तेवढी नीट जाऊ द्यात." त्याला सगळं ठाऊक होतं. रोज पहाटे धूर त्याच्या गेटवरूनच दिसायचा. पण त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून तो मला नमस्कार करायचा तेवढा करत राहिला, बोलणं मात्र थांबलं.

आठ दिवस देवापुढं दिवा लावताना माझे हात जोडले जात, पण नजर वर जात नसे. शेवटी खरं काय ते कागदावर लिहिलं, सही केली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून म्हणाल्या, "कडक उन्हाळ्यात शेकोटी. मलाही तेव्हाच कळायला हवं होतं." मग म्हणाल्या, "वॉचमनचा कागद आजच मागं घेऊ. तुमचं काय करायचं ते समिती ठरवेल. टेकाडाचं काय करायचं ते मात्र तुम्ही सांगा." मी म्हटलं, "काही करायचं नाही, मॅडम. झाडायचं थांबवायचं." मला लेखी समज मिळाली. ती घेताना इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना कठडा धरावा लागला.

मंगळवारी पाला पसरून झाल्यावर वॉचमन म्हणाला, "शेंदूर लावून एक धोंडा ठिवा हितं. कुणी काडी उचलायचं न्हाई." मला ते पटेना. एकदा मी माणूस पुढं केला होता, आता देव पुढं करायचा नव्हता. साधी पाटी लावली.

आता राहिलेलं सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो. राबासाठी देवराईतून एक वाळलेली फांदी ओढत घरी आणली. तुम्ही विचारलंत, "कुठनं आनलीस?" मी म्हटलं, "देवराईतनं. खालीच पडली हुती." "पडली म्हून आपली झाली व्हय? जा, ठिवून ये." मी गेलो, पण एकट्यानं आत शिरायची भीती वाटली. फांदी ओढ्यात टाकली आणि परत आलो. तुम्ही जेवत होता. "ठिवलीस?" "व्हय," मी म्हटलं. तुम्ही देवराईच्या दिशेला हात जोडलेत आणि स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मला दिलीत.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. पोथीच्या फडक्यात राहील. पण काल रविवारी मी पासलीला गेलो. आपल्या बांधावरच्या आंब्याची एक वाळकी फांदी, साधारण तेवढीच, खांद्यावर घेतली, चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो. आबा, या खेपेला खरंच ठेवली.