मामांना दिलेला पाच-नऊ

रविवार, सायंकाळ

हॅम रेडिओवर भेटणारे आमचे दौंडचे मामा गुरुवारी गेले. आज मामींचा फोन आला. मामांच्या रेडिओच्या नोंदवहीत शेवटचं नाव माझं आहे. त्यापुढे पाच-नऊ, म्हणजे आवाज अगदी स्पष्ट.

तो शेरा मीच दिलेला. गेल्या रविवारी कवठ्याच्या टेकडीवर एरियल उभारून बसलो होतो. रेडिओवर बरेच जण हाका मारत होते. मामांचा आवाज खरखरीत बुडालेला, तरी सवयीने पाच-नऊ म्हणालो. सगळेच म्हणतात. मग ते बराच वेळ काहीतरी बोलले. मी "बरं मामा" म्हणून पुढच्याला घेतलं. "परत सांगा" का म्हणालो नाही?

मामींनी तेच विचारलं. "शेवटी काय म्हणाले ओ तुम्हाला? मी सैपाकघरात हुते."

काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण खोटा पाच-नऊ एकदा देऊन झाला होता.

"मामी, मला ऐकूच आलं नव्हतं."

त्या म्हणाल्या, "त्यांना न्हाई सांगितलं, ते बरं केलं. 'आवाज अजून पोचतोय माझा' म्हणत दिवसभर खूश हुते."