वास येतो का?

सोमवार, ५

लागली एकदाची नोकरी! तीही वीज आणि गॅस दोन्ही पुरवणाऱ्या बड्या कंपनीत. पहिल्या मजल्यावर वीजवाले, तळमजल्यावर आम्ही गॅसवाले. एकत्र कुटुंबासारखं आहे, चुली दोन आणि कर्ता एक. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. दाराला कुलूप नाही, कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. आईने ते चारदा करून पाहिलं. खिडक्या उघडत नाहीत, नुसत्या जाड काचा आहेत. धूळ येणार नाही म्हणून आई त्यावरही खूश. तिचे गुडघे असे, की एकदा वर चढली ती चढलीच. तिने आल्या आल्या तुळस नको, मनीप्लांट बरा म्हणून कुंडी खिडकीत ठेवली.

वायरमनदादांनी वीज जोडून दिली आणि परत वर येऊन बेल दाबून खात्री केली. बेल वाजली म्हणजे काम झालं, ही त्यांची सवयच म्हणे.

माझं काम गॅसच्या तक्रारींचे फोन घेण्याचं. फॉर्मवर पहिलाच प्रश्न: वास येतो का? नाही म्हणाले, तर तक्रार बंद करायची. मुळात गॅसला वास नसतो, गळती कळावी म्हणून कंपनी तो मिसळते, हे मला आजच कळलं. रोज सकाळी आमच्या नाकांची परीक्षा असते. तीन बाटल्या, एकीत वास. मी झाकण उघडताच दुसरी ओळखली. आमच्यातल्या थोरल्या बाईंनी बाटलीला हातही न लावता सही ठोकली.

मंगळवार, ६

जिन्यात वास येतो. कुजक्या अंड्यांसारखा, तळघराच्या दारापाशी जास्तच. थोरल्या बाईंना सांगितलं तर त्यांनी नाक मुरडलं. नव्या माणसाला येतो तसा, चार दिवसांत जाईल, म्हणाल्या. मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, आणखी कोणाला येतो? एकही हात वर झाला नाही. कंपनीच्याच इमारतीत गळती म्हणजे काय, असं विचारून ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तळघरात नळी फोडून आले.

बुधवार, ७

माझ्या टेबलावर चहा आला नाही. बाकी सगळ्यांना आला. खुर्च्यांच्या पाठी माझ्याकडे. हात दाखवून अवलक्षण!

दुपारी एका आजोबांचा फोन आला. डोकं जड आहे, कुंडीतल्या झाडांनी माना टाकल्यात, बायको उठत नाही, दिवसभर झोपतेच आहे. मी विचारलं, वास येतो का? म्हणाले, म्हातारपणी नाक कुठलं चालायला, बाळ, तू कोणाला तरी पाठव. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी बोटाने फॉर्म दाखवला. मी तक्रार बंद केली. मग माझ्यासाठी चहा आणवला त्यांनी, साखर जास्त घालून.

गुरुवार, ८

तिन्ही बाटल्यांना वास नाही. शिळ्या झाल्या असतील. हे मी थोरल्या बाईंना सांगितलं, तर त्या पहिल्यांदाच हसल्या. झालीस आमच्यातली, म्हणाल्या, कर सही. मी केली.

जिन्यातला वासही गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं.

शुक्रवार, ९

वीजवाल्यांकडून कागद आला. आजोबांचा पत्ता. "घर उरले नाही, जोडणी रद्द." साहेबांनी त्यावर सही केली आणि जेवायला गेले.

मी घरी येऊन कांदा फोडला. डोळ्यांना पाणी आलं, वास नाही. आईचा औषधी बाम, साबण, जळकं दूध — काहीच नाही. आईला विचारलं. तिलाही नाही. सर्दी असेल म्हणाली. मी भ्याले आहे. खरंच भ्याले आहे.

शनिवार, १०

राजीनामा दिला, उद्या आईला घेऊन निघते म्हणून. साहेबांनी तो खणात टाकला. संध्याकाळी फक्त आमच्याच बिऱ्हाडाची वीज गेली. दुरुस्ती म्हणे. उद्या सकाळी अकरा वाजता येईल.

वीज नाही तर दार उघडत नाही. आत्ता लक्षात आलं.

रविवार, ११. साडेनऊ

मनीप्लांटने मान टाकली आहे. आई उठत नाही. हलवलं की हूं म्हणते. माझंही डोकं शिशाचं. खुर्ची काचेवर घातली चारदा. ओरखडासुद्धा नाही. लिहिते आहे, म्हणजे झोप लागणार नाही.

दहा

तक्रारीचा नंबर लावला. थोरल्या बाईच होत्या. विचारलं, वास येतो का? खोटं बोलले. हो, खूप येतो! त्या म्हणाल्या, गुरुवारी तूच सांगितलंस, येत नाही म्हणून. तक्रार बंद. मी रडले. आई आहे हो, म्हटलं. फोनची बॅटरी संपली.

मीही त्या आजोबांना —

पावणेअकरा

ठिणगी नको. फ्रिजची पिन काढली. पंखे बंद. सगळी बटणं दोनदा पाहिली. आईला ओढत दाराशी आणलंय. वीज आली की कार्ड —

अकरा

दारावरचा दिवा लागला! आली वीज. काही झालं नाही! आई, उठ — कार्ड, कार्ड पलंगावरच —

जिन्यात पावलं. दादा. खात्री करायला.

दादा, बेल नको, बेल न