सौरवारा तापवणारी माझी लाट

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पुढेमागे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर बघू.

५ जानेवारी, दुपार
सापडलं!! सूर्याकडून वारा निघतो, लांब जाता जाता गार व्हायला हवा. पण हवा तेवढा होत नाही. त्याला वाटेत तापवतं कोण? वाऱ्यातले मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून अजून लहान, शेवटी उष्णता. इथवर सगळ्यांना माहीत, तेही माझ्याच जुन्या पेपरमुळे. पण शेवटचा घास नक्की कोण गिळतं, ते फक्त मला माहीत. सौरवारा मोजणाऱ्या यानाच्या डेट्यात एक लाट आहे. ठरावीक वेळाने, घड्याळासारखी. आमच्या संस्थेतली एकुलती एक कायमची नोकरी आता माझीच.

६ जानेवारी
साफ केलेला डेटा उघडला. लाट गायब! साफसफाईच्या नादात या लोकांनी निसर्गच पुसून टाकला. आपण कच्चाच डेटा वापरायचा.

९ जानेवारी
शंकासुराला ग्राफ दाखवला. शंकासुर म्हणजे समोरच्या टेबलावरची बाई. सहा वर्षं एकत्र काम, एकत्र डबा. नाव मीच ठेवलंय, तिलाही आवडतं. म्हणाली, अरे, यान स्वतःभोवती गरागरा फिरतं, त्याचा डेट्यात पडणारा ठसा काढून टाकलास का? म्हटलं, जळू नकोस. ती हसली. जळणारी माणसं हसतातच.

१७ जानेवारी
कॅन्टीनमध्ये ती आणि आमचे विभागप्रमुख सर हळू आवाजात बोलत होते. मी दिसताच गप्प. सर एकदम चहाची तारीफ करायला लागले. त्या चहाची! कुठेतरी पाणी मुरतंय.

१८ जानेवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, सरळ विचार ना तिला. वर असंही म्हणाली की परवा शंकासुराचा फोन आला होता, तू नीट जेवतोस ना, झोपतोस ना, चौकशी करत होती. म्हणजे फितुरी घरापर्यंत पोचली.

२५ जानेवारी
पुरावा मिळाला. प्रिंटरपाशी ती कागद गोळा करत होती. मला बघून फाइलखाली सारले. पण वरचा ग्राफ दिसलाच. माझे भोवरे! सहा वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खाऊन केसाने गळा कापला बाईने. जेवण गेलं नाही. (एकच पोळी. नंतर दोन.)

२७ जानेवारी
परिषदेला पेपर पाठवला. एकट्याच्या नावाने. तिच्यासारखं पाठीमागून वार करणं माझ्या रक्तात नाही. मी फक्त नेहमी जोडीला असणारं तिचं नाव गाळलं.

१२ फेब्रुवारी
माझं भाषण मंजूर! कार्यक्रम बोर्डावर लागला. तिने वाचला. विचारलं, माझं नाव राहिलं का रे? म्हटलं, जागा अपुरी होती. डबा घेऊन खाली गेली. मनात चोर असला की माणूस असाच सटकतो.

१३ फेब्रुवारी
एकटाच जेवलो. लोणचं उरलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाषण झालं. ग्राफ पाहून सगळे माना पुढे काढून बघायला लागले. मग पहिल्या रांगेतले परिषदेचे म्हातारे अध्यक्ष उठले. त्यांनी विचारलं, यानाला एक गिरकी घ्यायला किती वेळ लागतो? मी ताडकन सांगितलं, तीन सेकंद. छान, म्हणाले, आणि तुमची लाट किती वेळाने येते? मी स्लाइडकडे पाहिलं. तीन सेकंद.

म्हटलं, योगायोग थक्क करणारा आहे.

सगळे हसले. मागे बसलेली शंकासुर हसली नाही. उलट उठून म्हणाली की लाट सोडा, पण भोवरे कसे फुटतात ते यानेच आधी दाखवलंय, ते काम पक्कं आहे. भर सभेत दया! असा दगा आजवर कोणी दिला नव्हता.

२७ फेब्रुवारी
सरांनी बोलावलं. समोर ते प्रिंटरवरचे कागद. सौरवाऱ्याचं तापणं, साफ डेट्यावर, भोवऱ्यांचं जुनं काम धरून. पहिलं नाव माझं. दुसरं तिचं. सर म्हणाले, तुझं नाव पहिलं असावं म्हणून जानेवारीत ती कॅन्टीनमध्ये माझ्याशी भांडत होती, म्हणजे नोकरी तुला मिळेल. तुझ्या वाढदिवसाला दाखवणार होती. मी विचारलं, आता नावं बदलली असतील ना? सर म्हणाले, नाही.

२८ फेब्रुवारी
लोणच्याची अख्खी बरणी घेऊन सकाळी लवकर गेलो. माफी मागणार होतो. वाक्यंही पाठ केली होती. समोरचं टेबल नाही. खुर्ची नाही. पार वरच्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत गेली म्हणे. बायकोला फोन केला, तर तिला आठवड्यापासून माहीत होतं.

सरांना विचारलं, का गेली, काही म्हणाली का?

म्हणाले, विशेष काही नाही. या खोलीत जागा अपुरी पडते म्हणाली.