खरवडलेले पाचवे कलम

मी, खाली सही करणारा, धंदा गाड्या धुऊन-पुसून चकचकीत करण्याचा, आज पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणीही मानगूट धरलेली नसताना हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा खांदा नाही. खांद्याचा उल्लेख आवश्यक नाही असे वकील म्हणाले, तरी मी तो करतो. पुढे अक्षर वेडेवाकडे आले तर ते खांद्यामुळे आहे, कोणाच्या दबावामुळे नाही.

जिना चढला की दम लागतो. डॉक्टर 'विश्रांती घ्या' म्हणतात, जणू ती मेडिकलमध्ये मिळते. हल्ली मी सकाळी उठतो तोच दमलेला उठतो, म्हणून हे काम उरकून टाकतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करीन असे वाटत नाही.

माझी पत्नी हयात नाही. एक मुलगा आहे, तो नोकरीनिमित्त दूरच्या शहरात बायको आणि मुलीसह राहतो. एक थोरली बहीण आहे, तिला सगळे अक्का म्हणतात. ती वर्कशॉपच्या वरच्या खोल्यांत माझ्याबरोबर राहते. तिचे डोळे गेलेले आहेत. शिवाय वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली लंबू आहे. तो नात्याने कोणी नाही, पण त्याने माझी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी माझ्या एकाही नातेवाइकाने खाल्लेली नाहीत.

कलम पहिले. बँकेत जे काही असेल ते मुलाला. माझ्या औषधपाण्यातून उरले तर. फार आशा ठेवू नये. माझ्या पत्नीचे लोखंडी कपाट सूनबाईंना. त्याचे दार लावताना किंचित उचलावे लागते, नाहीतर ते उघडे राहते आणि घरातल्यांवर संशय येतो. जुनी राखाडी गाडी नातीला, ती चालवण्याच्या वयाची झाली की. तोवर मुलाने ती फक्त धुवावी. पोतेऱ्याने पुसू नये. मी पाहिले आहे तो कशाने पुसतो ते.

कलम दुसरे. पाण्याचा प्रेशर पंप माझ्या साडूंना. 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून त्यांनी तो नेला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. तो आता त्यांचाच समजावा. मात्र पंपाची नळी माझ्याकडे आहे आणि ती त्यांना देऊ नये. नळी लंबूला.

समोरच्या यांत्रिक धुलाई केंद्राच्या मालकांना काहीही नाही. गिऱ्हाइकांसमोर 'म्हातारा गाड्या चोळत बसतो' असे ते बोलले होते. मरताना सगळ्यांना माफ करावे म्हणतात. माफ करायलाही अंगात दम लागतो आणि तो मला इतर कामांसाठी हवा आहे.

कलम तिसरे. वर्कशॉपमधील बादल्या, फडकी, पॉलिशचे मशीन, शिडी आणि शिल्लक असलेली सर्व माती लंबूला. माती म्हणजे खरी माती नव्हे. भिजवलेल्या कणकेसारखी वडी असते. पाकिटावर क्ले लिहिलेले असते, आम्ही मातीच म्हणतो. लंबूला हे सगळे येते, तरी लिहून ठेवतो, कारण मी नसताना तो शॉर्टकट मारणार.

गाडी धुतली की धूळ जाते, पण रंगाला चिकटून बसलेले जात नाही. ब्रेकची लोखंडी भुकटी, झाडाचा डिंक, शेजारच्या वेल्डिंगच्या ठिणग्या, कोणी गेट रंगवताना उडालेले शिंतोडे. गाडी आरशासारखी दिसते आणि हात लावला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. ते काढायला माती. गाडी सावलीत, पत्रा थंड. साबणाचे पाणी सढळ हाताने मारावे, वडी चपटी करावी आणि सरळ रेषेत नुसती सरकवत न्यावी. जोर लावायचा नाही. घाण ओढून घ्यायचे काम मातीचे आहे. आपण फक्त वडी धरायची. वडी घाण झाली की दुमडून पुन्हा मळावी आणि स्वच्छ बाजू वर काढावी. शेवटी वॅक्स लावावे, कारण मातीने रंग अगदी उघडा पडतो.

वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यावी. लंबू ती पँटला पुसून पुन्हा वापरायला बघतो. तिच्यात रुतलेला एकच खडा अख्ख्या बॉनेटवर ओरखडे काढतो, हे त्याला मी पुष्कळदा सांगितले आणि त्याने पुष्कळदा 'हो शेठ' म्हटले. आणि गाडीवर कोणी ब्लेड चालवले तर त्याला त्याच दिवशी हाकलून द्यावे. खरवडले की घाण जाते तसा रंगही जातो, आणि जागा कायमची कळते.

कलम चौथे. अक्काचा हात फिरल्याशिवाय एकही गाडी वर्कशॉपच्या बाहेर जाणार नाही. हा नियम मी असेपर्यंत होता आणि माझ्यामागे राहील.

ज्यांना हा नियम चक्रमपणा वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. अक्काची उमर काचेच्या कारखान्यात गेली. बरण्यांवर बोट फिरवून ती चीर ओळखायची. लग्न केले नाही. का नाही केले विचारले की 'सवड नव्हती' म्हणते. मग काचबिंदूने हळूहळू डोळे गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली. सुरुवातीला दिवसभर खोलीत बसून आम्हा नवराबायकोवर डाफरायची. एक दिवस कंटाळून भिंत धरत धरत खाली आली. मी एक गाडी सोडायच्या बेतात होतो. तिने टपावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथं राहिलंय."

मी म्हणालो, "काही राहिलेलं नाही. तू वर जा."

"मी कशाला वर जाऊ? तू माती घे."

मी माती घेतली. वडीला रंगाचे बारीक पांढरे ठिपके लागून आले.

तेव्हापासून अक्काचे स्टूल खालीच आहे. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की बोटांना जास्त कळते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत आहे. अक्का पिशवी चढवते, बॉनेटपासून सुरू करते आणि पट्ट्यापट्ट्याने मागे जाते. घाई करत नाही. एकदा एक साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अहो, आजीबाईंचं काय चाललंय? मला उशीर होतोय." अक्का म्हणाली, "तुमच्या दाराला डिंक आहे. तसाच घेऊन जायचाय का?" साहेब बाकावर बसले. पुढे दर वेळी आपणहून बसायचे.

गाडी मनासारखी झाली की ती पिशवी काढते, घडी घालते आणि मला म्हणते, "घे पैसे." तिच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक आजवर कोणत्याही गाडीचे झालेले नाही. माझेही नाही.

कलम पाचवे. (येथील मूळ मजकूर ब्लेडने खरवडलेला आहे. त्यावर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. नवीन मजकूर खाली खुलाशात लिहिला आहे आणि तोच धरावा.)

कलम सहावे. माझ्यामागे भाषणे करू नयेत. वर्कशॉप एक दिवस बंद ठेवावे. कोणाची गाडी अर्धी राहिली असेल तर तो एक दिवसही बंद ठेवू नये.

खुलासा. मूळ पाचव्या कलमात मी लिहिले होते की, माझ्या पश्चात वर्कशॉपची जागा वरच्या खोल्यांसह विकावी, आणि आलेल्या पैशांतून मुलाने अक्काची सोय त्याच्या शहरातील आश्रमात करावी.

ही सूचना मुलाची. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. नंतर आत्याकडे कोण बघणार? तो जिना बघा केवढा उभा आहे. इथला आश्रम मी स्वतः जाऊन पाहिलाय. स्वच्छ आहे, नर्स असते, दर रविवारी मी जाईन." त्याने वाईट सुचवले नव्हते. लहानपणी सुट्टीत तो आत्याच्या अंगाखांद्यावर खेळला आहे आणि त्याला तिची काळजी आहे. मी थकलेलो होतो, म्हणून 'बरं' म्हणालो आणि लिहिले. कोणीतरी माझ्याऐवजी ठरवले याचे मला त्या वेळी बरेच वाटले.

आज सोमवार, वर्कशॉपला सुट्टी. साक्षीला शेजारचे शिंपी आणि मेडिकलच्या बाई वर आल्या होत्या. सह्यांआधी सगळे अक्काला वाचून दाखवायचे ठरले होते. सकाळी मी एकदा स्वतःशी पुटपुटत वाचून पाहिले आणि पाचव्या कलमावर जीभ अडकली. तेव्हा दाढीचे ब्लेड घेऊन मी तो मजकूर खरवडून काढला. माझे मन बदलले होते असे नाही. फक्त तो तिच्या कानावर पडू नये एवढेच. आश्रमाचे तसेच करायला मुलाला नंतर तोंडी सांगणार होतो.

वाचताना मी चौथ्यानंतर 'पाचवे' म्हणून सहावे वाचले. सगळे वाचून झाल्यावर अक्का म्हणाली, "पिशवी दे."

"अगं, कागद आहे. गाडी नाही."

"दे म्हणते ना."

तिने पिशवी चढवली, कागद मांडीवर घेतला आणि वरून सुरुवात केली, पट्ट्यापट्ट्याने. शिंप्यांना हसू आले. मलाही आले असते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिचा हात थांबला, मागे आला, पुन्हा थांबला.

"इथं राहिलंय," अक्का म्हणाली.

"चूक झाली होती. खोडली."

"खोडली नाहीस. ब्लेड घेतलंस. लंबूनं घेतलं असतं तर हाकललं असतंस त्याला." मग म्हणाली, "काय होतं इथं?"

मी खोटे बोलू शकलो असतो. शिंपी खिडकीबाहेर बघू लागले, मेडिकलच्या बाई चष्मा पुसू लागल्या. मी आठवेल तसे सांगितले. आश्रम, नर्स, रविवार, सगळे.

अक्काचा पिशवी घातलेला हात कागदावर तसाच होता. मग ती म्हणाली, "शिडी लंबूला, कपाट सूनबाईला, आणि मी आश्रमाला. असंच ना?"

"तसं नाही गं अक्का."

"तसंच आहे. मी जाणार नाही असं नाही म्हणत. वेळ आली तर जाईनही. पण प्रत्येक गाडी सोडताना मला विचारतोस तू. मला सोडताना नाही विचारलंस."

मला रडू आले. लोकांसमोर आले. हे मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही, पण मला इतकी लाज दुसऱ्या कशाची वाटलेली नाही, म्हणून लिहितो. मग मी तिला विचारले, जे आधी विचारायचे होते. तुला काय हवे? ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो.

कलम पाचवे (नवीन). वर्कशॉपची जागा आणि वरच्या खोल्या अक्काच्या, पूर्ण मालकीने. विकायचे की ठेवायचे ते ती ठरवील. खाली धंदा लंबूने चालवावा आणि भाडे अक्काला द्यावे. जिना जमेनासा झाला की तिची कॉट खाली, पॉलिशच्या मशीनशेजारी टाकावी. तिथे आवाज होतो असे मी म्हणालो. ती म्हणाली, "वर तरी काय शांत असतं? तू घोरतोस." मुलाने आश्रमाचा पत्ता जपून ठेवावा. बोटांना कळेनासे झाले की अक्का स्वतः त्याला फोन करील. तोवर रविवारी त्याने इकडे यावे आणि येताना राखाडी गाडी आणावी, म्हणजे अक्काला ती हाताने बघता येईल.

हे सगळे नव्या कागदावर पुन्हा उतरवतो असे मी म्हणालो. अक्का म्हणाली, "नको. तुझा खांदा बघ. असू दे तसंच."

मग मी नवे कलम तिला वाचून दाखवले. तिने पुन्हा एकदा पाचव्या कलमाच्या जागेवरून हात फिरवला. जागा खडबडीतच होती, ती तशीच राहणार. तिने हातातली पिशवी काढली, तिची नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "घे सह्या."

त्याप्रमाणे सह्या घेतल्या आहेत.

लिहून ठेवणार: (सही, खांद्यामुळे तिरकी)

ऐकून मान्य: अक्का, उजव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार एक: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार दोन: मेडिकलच्या बाई (सही)

ठिकाण: वर्कशॉपवरची खोली
तारीख: या महिन्याचा दुसरा सोमवार