उजवीकडची सीट

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा निरोप मिळाला. फोनवर टाइप करायचा तुला वैताग येतो आणि पत्रंच हवीत म्हणे. बरं झालं. पत्रात तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस. स्वरयंत्र काढलेल्या माणसाशी अशी थट्टा करावी का, असा दोनदा विचार केला. मग वाटलं, केली नाही तर तुला जास्त लागेल.

आपलं जुनं हेलिकॉप्टर परवा गेलं. नवा मालक त्यातून पिकांवर औषध फवारणार आहे. इतकी वर्षं कोट-टायवाले साहेब नेले बिचाऱ्याने, आता कीटकनाशक. ते गेल्यावर हँगरमध्ये आले, तर फरशीवर नुसते तेलाचे डाग.

आता नव्याचं. दलालाने दोन दाखवली आहेत, किंमत जवळपास सारखीच. एक कोरं, एका इंजिनाचं, पाच प्रवाशांचं. दुसरं वापरलेलं, पण दोन इंजिनांचं. सहा जण समोरासमोर बसतात आणि आत आवाज इतका कमी की साहेबांना मीटिंग घेता येईल. खरा फरक पुढे आहे. दुसऱ्याला तासाला दीडपट इंधन लागतं, आणि दोन्ही इंजिनांच्या ओव्हरहॉलसाठी दर तासामागे पैसे बाजूला टाकावे लागतील. उडवणारा तू, तेव्हा तूच सांग.

लोभ आहेच. जेवायची टाळाटाळ केलीस तर मात्र कमी होईल.

तुझी,
चिमणी

२० जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

एका इंजिनाचं. यात विचारायचं काय? हलकं, चपळ, खर्चाला कमी, आणि वैमानिक एकच पुरतो. तो घरचाच आहे.

डॉक्टर म्हणतात, मार्चअखेर गळ्यात छोटी झडप बसवतील, मग बोलता येईल. आवाज जरा घोगरा येईल. रेडिओवर तसाही सगळ्यांचा घोगराच असतो. मेमध्ये परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी, आणि जूनमध्ये मी उजवीकडच्या सीटवर. आणि हो, हेलिकॉप्टरचा कॅप्टन उजवीकडे बसतो. तू ग्राहकांना आजवर डावीकडे सांगत आलीस, मी उगाच तुझा मान ठेवला.

इथे दिवसभर पाटीवर लिहून बोलतो. नर्सला वाटतं मी गरीब स्वभावाचा आहे. तुझी वहिनी तोंड फिरवून हसते.

दलालाला होकार कळव. उशीर करून माया पातळ करू नकोस.

दादा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दलालाला अजून काही कळवलं नाही. आधी ऐकून घे.

आपल्या तीन मोठ्या ग्राहकांशी बोलले. सिमेंटवाल्यांच्या सेक्रेटरीने स्पष्टच सांगितलं की त्यांच्या विमा कंपनीची आता अट आहे: मालक बसणार असतील तर दोन इंजिनं आणि दोन वैमानिक. बाकीच्या दोघांचंही तेच. तुझा मान म्हणून आजवर गप्प होते, एवढंच. आपली निम्मी उड्डाणं या तिघांची. ती गेली तर स्वस्त हेलिकॉप्टर हँगरमध्ये उभं राहील, आणि विमा, भाडं, कर्जाचा हप्ता तर चालूच. उडालं नाही की स्वस्तही महागच पडतं. दोन इंजिनांचं तासाला जास्त खातं, पण ते आपलं पोट भरेल.

तुझ्या बाजूने पुन्हा मांडून पाहिलं. वाटलं, कुठेतरी मीच चुकत असेन. मग दिसलं. तुझ्या हिशोबात वैमानिकाच्या पगाराच्या जागी शून्य आहे. दादा, तू स्वतःला फुकट धरलंस. आणि वर्षभर धडधाकट धरलंस.

हे मी फोनवर कधी बोलले नसते. कागदावर लिहिलं, आता खोडवत नाही. चिडायचं तर चीड, पण उत्तर दे.

राग उतरला की पूर्वीसारखीच माया कर, एवढं मागते.

चिमणी

२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

चिडलो होतो. पाटीवर लिहिलं, चिमणीला यातलं काय कळतं. तुझ्या वहिनीने वाचलं, पाटी पुसली आणि कोरी करून परत माझ्या हातात दिली.

गेल्या आठवड्यात तपासण्या झाल्या. गाठ परत आली आहे, या वेळी फुफ्फुसात. डॉक्टर बराच वेळ बोलले. झडपेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तुझी वहिनी बाहेर जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता.

दोन इंजिनांचं घे. सही करण्याआधी दोन्ही इंजिनं आणि गिअरबॉक्स किती तास चाललेत, हे आपल्या मेकॅनिककडून तपासून घे. दलालाच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. आतल्या मऊ गाद्यांवर तर मुळीच नको.

माझ्यासमोरचं शून्य खोड आणि तिथे दोन पगार लिही. त्यात कंजूषपणा करू नकोस. मुलाखतीत प्रत्येकाला विचार, खराब हवेमुळे शेवटचं उड्डाण कधी नाकारलंस? ज्याला आठवणार नाही त्याला घेऊ नकोस.

तू बरोबर होतीस. हे लिहायला दोन दिवस लागले. माझ्यावरचा जीव तेवढा कमी करू नकोस.

दादा

१८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या पत्रांत नुसते आकडे आणि कागदपत्रं कळवत राहिले, याची लाज वाटते. तेवढंच लिहिता येत होतं. बाकीचं लिहायला बसले की पेन बाजूला ठेवून रडायचे, मग उठून दलालाला फोन करायचे. तो मला फार कडक बाई समजतो.

हेलिकॉप्टर आलं. कॅप्टन एक बाई आहेत. तुझा प्रश्न विचारल्यावर त्यांनी एक नाही, तीन उड्डाणं सांगितली, आणि एकापायी नोकरी गेल्याचंही. दुसरा वैमानिक तरुण आहे, त्यांचं ऐकतो.

सिमेंटवाल्यांना द्यायच्या आधी एक चाचणी फेरी आहे. डॉक्टरांना विचारलं, थोडा वेळ आणि कमी उंचीवर चालेल म्हणाले. गाडी पाठवते. वहिनीलाही आण. नाही म्हणू नकोस रे.

वाट बघणारी,
चिमणी

२ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

परवा निघताना तुझा हात सोडवेना म्हणून नीट काही सांगितलं नाही. पाटीही गाडीत राहिली होती.

माल चांगला घेतलास. जमीन सुटली ते कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं माणसं नेली, पण मागे कधी बसलो नव्हतो. मागून वैमानिकाची मान तेवढी दिसते. लोक माझी मान बघत बसायचे आणि निश्चिंत झोपायचे. काय विश्वास असेल!

नदीपाशी आडवा वारा लागला. कॅप्टनबाईंनी फार छान सांभाळलं, त्यांना माझ्यातर्फे सांग. वारा मला आधीच कळला होता, कारण माझे पाय हलायला लागले. वाऱ्यात नाक सरळ धरायचं पेडल तिथे नव्हतं, नुसता गालिचा होता. मी थांबवायला बघत होतो, पण ते ऐकेनात. डावा, उजवा, परत डावा. तू समोर बसून खिडकीबाहेर बघत होतीस. तुलाही दिसलं होतं, मला माहीत आहे.

मग तुझ्या वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हेलिकॉप्टर उतरेपर्यंत तिने तो हात तसाच ठेवला.

सुखी राहा. आता उत्तराची घाई नको, धंदा बघ.

तुझा,
दादा