बारा सभासद, तेरा मतं

तीर्थस्वरूप काकांस, पुतण्याचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे? (तुमचं बोलणं बंद झाल्यापासून आक्का प्रत्येक पत्रात 'तशीच' एवढंच कळवते, तरी पुतण्याने विचारायचं सोडू नये.) हे पत्रही तीच तुम्हाला वाचून दाखवेल. इकडे आपल्या सहकारी घरात सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही.

तुम्ही लेकीकडे, म्हणजे आक्काकडे, गेल्यापासून तळमजल्यावरची तुमची खोली बंद आहे. आपल्या धाकटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलंय, आणि कडेवर सात महिन्यांची पोर. तेव्हा खोली तिला द्यावी, असा ठराव मी मांडला. पण घर उभं करतानाच तुम्ही नियम घालून ठेवलात, की एकाचीही हरकत असली तर ठराव बारगळला.

रविवारी दुपारी चारला सामायिक स्वयंपाकघरात आम्ही बारा जण बसलो. आधी हात वर करून झालं. मास्तरीणबाईंनी मोजले, बारा बाजूने, एक विरोधात. (तीस वर्षं वर्गात डोकी मोजलेली बाई!) पुन्हा मोजले, पुन्हा तेरा. तो एक हात कोणाचा, हे मात्र त्यांना सांगता येईना. चष्मा पुसायला काढला तो त्यांनी परत घातलाच नाही.

पुढच्या रविवारी गुप्त मतदान. टेलरने नागमोडी कात्रीने मोजून बारा चिठ्ठ्या कापल्या. डाळीच्या डब्यातून तेरा निघाल्या. तेरावीची कडही नागमोडी, आणि वर 'नाही', वेलांटी पार कागदाबाहेर ओढलेली. अशी वेलांटी भिंतीवरच्या, तुमच्या हातच्या नियमावलीत आहे. सगळ्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि एकेकाला वरच्या मजल्यावरची कामं आठवली.

प्लंबर म्हणाला, "बहुमताने उरकून टाकू." पटलं. पण पद्धत बदलायलाही सगळ्यांची संमती हवी, ही मेख तुमचीच. बारा 'हो', एक 'नाही'. शेवटी गोल बसून चर्चेने एकमत करायचं ठरवलं. प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचं. बाराव्याचं बोलून झालं तरी कुणी उठेना. सगळे गोलातल्या तुमच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे बघत बसले, कारण पुढची पाळी तिची होती. ती कुरकुरली. कुणी टेकल्यावर कुरकुरते, तशी. काका, मी घाबरलो. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आणि ती कसली ते कळेना.

धाकटीने सामान बांधलंय. जास्त लिहिलं तर लहान तोंडी मोठा घास होईल.

तुमचा,
अजूनही सेक्रेटरी

ता. क. लाज कसली ते टेलरने सांगितलं. "सगळ्या पद्धती करून पाहिल्या, पण खोली ज्याची त्याला विचारलं का कुणी?" म्हणून आज नवा ठराव मांडला, की काकांना घरी आणावं, आणि धाकटीने त्याच खोलीत राहून त्यांचं बघावं. (ती तयार आहे. पोर रडकी आहे, आधीच सांगतो.) बारा चिठ्ठ्यांवर 'हो' आलं. तेरावीवर फक्त 'घरी'.

ता. क. दुसरा. आक्का, एवढं काकांना वाचून दाखवू नकोस. रविवारी चारच्या सुमाराला काकांचा उजवा हात चादरीवर काही लिहिल्यासारखा फिरतो, आणि डॉक्टर म्हणतात त्याला काही अर्थ नाही, असं तू कळवलं होतंस. ती तेरावी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. वेलांटी बघ, आणि काकांना घरी पाठव.